‘ईटा’चा प्रश्न आणि स्ट्रिंग सिद्धांतातील स्फीती-प्रतिमाने : एक मूल्यमापन

१

भौतिकीतील सिद्धांताची समीक्षा कोणत्या निकषावर करावयाची, हा प्रश्न सामान्यतः उपस्थित होत नाही. सिद्धांताने भाकीत करावे आणि वेधाने त्याचा निवाडा करावा, एवढ्यावर भागते. परंतु विश्वाच्या आरंभीच्या स्फीतीविषयी स्ट्रिंग सिद्धांताच्या आधाराने जी प्रतिमाने १९९८ पासून मांडली गेली आहेत, त्यांच्या बाबतीत हा सरळ मार्ग पुरेसा पडत नाही. प्रतिमाने पुष्कळ आहेत, मोजता येण्याजोग्या राशी मात्र फार थोड्या आहेत. आणि बहुतेक प्रतिमानांना त्या थोड्या राशींशी जुळवून घेता येते. अशा स्थितीत ‘वेधांशी जुळते’ हे प्रशस्तिपत्र कितपत मोलाचे मानावयाचे, आणि ते पुरेसे नसेल तर दुसरा कोणता निकष लावावयाचा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या विचारासाठी एक शोधनिबंध मध्यवर्ती धरला आहे. काचरू, कॅलॉश, लिंडे, मालदासेना, मॅकॲलिस्टर आणि त्रिवेदी ह्या सहा लेखकांचा हा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी संदीप त्रिवेदी हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील होत. निबंधाचे शीर्षक ‘स्ट्रिंग सिद्धांतातील स्फीतीच्या दिशेने’ अशा अर्थाचे आहे. शीर्षकातील ‘दिशेने’ हा शब्द केवळ विनयाचा नाही. ज्या स्थळी पोहोचावयाचे होते तेथे आपण पोहोचलो नाही, हे लेखकांनी निबंधातच गणित मांडून दाखविले आहे; आणि ह्या निबंधाचे खरे महत्त्व त्या अपुरेपणाच्या मांडणीत आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

स्फीतीची मूळ कल्पना विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. १९८० साली स्टारोबिन्स्की ह्यांनी आणि १९८१ साली ॲलन गुथ ह्यांनी, वेगवेगळ्या हेतूंनी, विश्वाच्या अगदी आरंभी घातांकी वेगाने प्रसरण झाले असावे असे सुचविले. गुथ ह्यांच्या मूळ प्रतिमानातील दोष १९८२ साली लिंडे ह्यांनी, तसेच आल्ब्रेख्ट आणि स्टाइनहार्ट ह्यांनी दूर केले. परस्परांशी कधीच संपर्क न आलेले वाटणारे आकाशाचे भाग समतापमान कसे, आणि अवकाशाची वक्रता शून्याच्या इतकी जवळ कशी, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे स्फीतीने दिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दीर्घिकांची बीजे ठरलेले घनतेतील सूक्ष्म चढउतार कोठून आले, ह्याचेही उत्तर तिच्यातून मिळाले. म्युखानोव्ह आणि चिबिसोव्ह ह्यांनी १९८१ सालीच हे चढउतार पुंजस्वरूपाचे असल्याचे दाखविले होते.

हे सारे घडवून आणणारे क्षेत्र मात्र अज्ञातच राहिले. एक अदिश क्षेत्र आणि त्याचा जवळजवळ सपाट विभव एवढेच गृहीत धरले जाते. विभवाचा उतार ‘एप्सिलॉन’ ह्या राशीने आणि त्याची वक्रता ‘ईटा’ ह्या राशीने मोजतात. विश्व सुमारे ६० ई-पटींनी, म्हणजे दर वेळी २.७१८ पट याप्रमाणे ६० वेळा, वाढावयाचे असेल तर ह्या दोन्ही राशी एकाहून पुष्कळ लहान असाव्या लागतात.

येथेच एक अडचण उद्भवते. स्फीतीच्या काळातील ऊर्जेची पातळी कितीही कमी असली, तरी प्लांक वस्तुमानाच्या पातळीवरील भौतिकी विभवात आपल्या दुरुस्त्या घातल्याशिवाय राहत नाही. विभवाला क्षेत्राच्या वर्गाने गुणून प्लांक वस्तुमानाच्या वर्गाने भागले असता जे पद मिळते, ते दिसावयास क्षुल्लक आहे. कण-भौतिकीतील अन्य कोणत्याही प्रयोगात अशा पदाकडे दुर्लक्ष करता येते. स्फीतीत मात्र ह्या एकाच पदामुळे क्षेत्राचे वस्तुमान हबल प्रमाणाएवढे होते आणि ईटाचे मूल्य एकाच्या घरात जाऊन बसते. तसे झाल्यास स्फीती सुरू होताच थांबते. अतिसममित गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भात ही अडचण कोपलँड, लिडल, लिथ, स्ट्यूअर्ट आणि वाँड्स ह्यांनी १९९४ साली स्पष्टपणे मांडली. तिलाच ‘ईटाचा प्रश्न’ म्हणतात.

स्फीतीच्या अभ्यासकाला स्ट्रिंग सिद्धांताची गरज का भासावी, ह्याचे उत्तर ह्या प्रश्नात आहे. विभवाचे वळण प्लांक पातळीवरील पदांवर अवलंबून असेल, तर ती पदे ज्या सिद्धांतात मोजता येतील असा पुंज-गुरुत्वाचा सिद्धांत हाताशी असावयास हवा. तो नसताना विभव सपाट आहे असे लिहिणे, हे उत्तर प्रश्नातच गृहीत धरण्यासारखे होय.

३

स्ट्रिंग सिद्धांतात स्फीतीला आवश्यक असे क्षेत्र शोधण्याचा एक लक्षणीय प्रयत्न द्वाली आणि टाय ह्यांनी १९९८ च्या अखेरीस केला. सिद्धांतात नऊ अवकाशीय मिती असतात. त्यांपैकी तीन विस्तीर्ण व सहा अत्यंत सूक्ष्म आकारात गुंडाळलेल्या. ‘ब्रेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तू ह्या सहा मितींत सरकू शकतात. दोन ब्रेनांमधील अंतर हेच स्फीतीचे क्षेत्र मानावे, अशी ही कल्पना होती. २००१ साली बर्जेस आणि त्यांचे सहकारी, तसेच द्वाली, शाफी व सोल्गानिक ह्यांनी ब्रेन आणि प्रतिब्रेन ह्यांच्या जोडीचा विचार केला. ती दोन्ही परस्परांकडे ओढली जातात, एकमेकांवर आदळतात, नाहीशी होतात आणि स्फीतीचा अंत होतो. ब्रेन व प्रतिब्रेन ह्यांच्या विनाशाची प्रक्रिया टॅकिऑन क्षेत्राच्या साहाय्याने अशोक सेन ह्यांनी १९९८ पासूनच्या आपल्या निबंधांत उलगडली होती; त्यामुळे स्फीतीच्या अखेरीचे हे चित्र केवळ कल्पनारम्य नव्हते.

चित्र आकर्षक असले तरी त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. पहिली ही की, गुंडाळलेल्या मितींचे आकारमान कशाने तरी स्थिर झालेले आहे. दुसरी ही की, ब्रेन आणि प्रतिब्रेन ह्यांच्यातील ओढ पुरेशी दुबळी आहे. २००३ च्या निबंधाने ही दोन्ही गृहीते तपासावयास घेतली.

दुसऱ्या गृहीताचा निकाल लवकर लागतो. सहा आडव्या मितींत ह्या ओढीचा विभव अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ईटा लहान राहावयाचा तर ब्रेन व प्रतिब्रेन ह्यांच्यात जे अंतर ठेवावे लागेल ते गुंडाळलेल्या अवकाशाच्या आकारमानाहूनच मोठे निघते. म्हणजे जागेअभावी स्फीती अशक्य ठरते. ह्यावर लेखकांनी योजिलेला उपाय असा : क्लेबानोव्ह आणि स्ट्रासलर ह्यांनी २००० साली वर्णिलेल्या, खोल गळ्यासारख्या निमुळत्या आणि वक्र झालेल्या भागाच्या तळाशी प्रतिब्रेन ठेवावा. तेथे गुरुत्वीय ताम्रसृतीमुळे सर्व ऊर्जा घातांकी प्रमाणात क्षीण होते आणि ओढही त्याच प्रमाणात मंदावते. उपाय नामी आहे, आणि तो मागाहून चिकटविलेला नाही. मितींची भूमितीच तो पुरविते.

पहिले गृहीत अधिक कठीण होते. त्याच वर्षी काही महिने आधी काचरू, कॅलॉश, लिंडे आणि त्रिवेदी ह्या चौघांनी गुंडाळलेल्या मितींचे घनफळ स्थिर करण्याची एक रीत मांडली होती. गिडिंग्ज, काचरू आणि पोलचिन्स्की ह्यांच्या आधीच्या कामाप्रमाणे अभिवाहांनी मितींचा घाट निश्चित होतो. घनफळ मात्र मोकळे राहते. ते एका अक्षोभीय परिणामाने बांधले जाते, आणि प्रतिब्रेनाच्या ऊर्जेने निर्वाताची ऊर्जा किंचित् धन होते. ही रीत स्फीतीला जोडताच एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न झाली. ज्या चलाला घनफळ म्हणून बांधावयाचे, त्या चलात ब्रेनाचे स्थानही मिसळलेले असते. त्यामुळे घनफळ बांधले की ब्रेनही बांधला जातो. हिशेब केला असता क्षेत्राच्या वस्तुमानाचा वर्ग हबल प्रमाणाच्या वर्गाच्या दुप्पट येतो आणि ईटाचे मूल्य दोन-तृतीयांश ठरते.

ही संख्या किती विपरीत आहे हे पाहण्यासाठी तिच्याशेजारी वेधाची संख्या ठेवावी. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांप्रमाणे चढउतारांच्या वर्णपटाचा निर्देशांक ०.९६५ असून त्यातील अनिश्चितता सुमारे ०.००४ आहे. एप्सिलॉन नगण्य असणाऱ्या प्रतिमानात ह्याचा अर्थ ईटा सुमारे उणे ०.०२ असला पाहिजे. गळ्याच्या भूमितीने मोठ्या कौशल्याने जो सपाटपणा मिळविला, तो घनफळाच्या स्थिरीकरणाने नाहीसा केला. लेखकांनी हे लपविले नाही. अक्षोभीय पदातही ब्रेनाचे स्थान येऊ शकेल आणि ते ह्या वस्तुमानाला काटू शकेल, असे त्यांनी सुचविले. मात्र त्यासाठी शंभरांत एक ह्या प्रमाणात अचूक जुळणी लागेल, हेही नमूद केले.

४

ह्या स्थळी समीक्षकापुढे दोन वाटा आहेत. एक अशी की, शंभरांत एक ही जुळणी फारशी अवघड नाही असे म्हणून प्रतिमान स्वीकारावे. दुसरी अशी की, प्रतिमान फसले असे म्हणून ते सोडून द्यावे. पुढील काही वर्षांत झालेले काम दोन्हींहून निराळे आहे. ज्या पदाचे नाव घेऊन थांबता आले असते, ते पद प्रत्यक्ष मोजण्यात आले.

२००६ साली बाउमान, दिमार्स्की, क्लेबानोव्ह, मालदासेना, मॅकॲलिस्टर आणि मुरुगन ह्यांनी अक्षोभीय पद ब्रेनाच्या स्थानावर कसे अवलंबून असते हे गणिताने निश्चित केले. २००७ साली बाउमान, दिमार्स्की, क्लेबानोव्ह, मॅकॲलिस्टर व स्टाइनहार्ट ह्यांनी ‘नाजूक विश्व’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली त्याचे स्फीतीवरील परिणाम तपासले. निष्कर्ष आशादायक नव्हता. वस्तुमानाच्या पदाला सर्वत्र काटील असे वर्गपद ह्या दुरुस्तीत येतच नाही. जे येते त्याचा घात दीड आहे. त्यामुळे काटाकाट होते ती एका लहानशा टप्प्यात, विभवाच्या वक्रतेचे चिन्ह जेथे बदलते त्या बिंदूच्या आसपास. स्फीती शक्य आहे, परंतु ती अरुंद पट्ट्यापुरती. आणि प्राचलांत थोडासा फरक पडला तरी ती नाहीशी होते.

ह्याच सुमारास आणखी एक मर्यादा उघड झाली. १९९६ साली लिथ ह्यांनी दाखविले होते की, गुरुत्व तरंगांचे घनतेतील चढउतारांशी असलेले प्रमाण, ज्याला ‘आर’ म्हणतात, ते ०.०१ च्या वर असेल तर क्षेत्राला स्फीतीच्या काळात प्लांक वस्तुमानाएवढे अंतर तोडावे लागते. २००६ साली बाउमान आणि मॅकॲलिस्टर ह्यांनी गळ्यातील ब्रेनाला एवढे अंतर उपलब्धच नसते, हे सिद्ध केले. गळा लांब करावा तर त्याने घनफळ वाढते. घनफळ वाढले की चार मितींतील प्लांक वस्तुमानही वाढते. आणि ज्या मापाने अंतर मोजावयाचे ते मापच मोठे होते. तोडलेल्या अंतराच्या प्लांक वस्तुमानाशी असलेल्या गुणोत्तराचा वर्ग, गळ्याला आधार देणाऱ्या अभिवाहाच्या पूर्णांकाने चाराला भागले असता येणाऱ्या संख्येहून कमीच राहतो. हा पूर्णांक मोठा असल्याशिवाय गणित विश्वसनीय राहत नाही. तेव्हा ब्रेन-स्फीतीत आर अत्यल्प असला पाहिजे. उद्या गुरुत्व तरंगांचा ठसा आढळला, तर हे प्रतिमान एका घावात संपते.

ह्या मर्यादेचे मोल अधोरेखित करावयास हवे. ती कोणत्याही वेधाशी जुळविण्यासाठी शोधलेली नव्हती. प्रतिमानाच्या अंतर्गत भूमितीतून ती निघाली, आणि लेखकांना हवे ते निवडण्याची मुभा तिने काढून घेतली. सहा मितींची ही यंत्रणा नसती, विभव नुसताच कागदावर लिहिलेला असता, तर असे बंधन कोठून येणार होते? स्ट्रिंग सिद्धांताने स्फीतीच्या अभ्यासाला जे दिले ते नवे विभव नव्हे. विभवांची यादी कोणालाही करता येते. त्याने दिले ते नकार.

पुढे २०११ साली अगरवाल, बीन, मॅकॲलिस्टर आणि शू ह्यांनी गळ्याबाहेरील अवकाशाकडून येणाऱ्या पदांचाही समावेश करून, त्यांचे सहगुणक यादृच्छिक रीतीने निवडून मोठ्या संख्येने विभव तपासले. स्फीतीच्या ई-पटींची संभाव्यता त्या संख्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, असे त्यांना आढळले. २००३ साली ‘शंभरांत एक’ म्हणून जे अजमासाने सांगितले होते, त्याच्या जागी आता एक नियम आला. यशाची ही मोजदाद प्रतिमानाला अनुकूल नसली तरी ज्ञानात भर घालणारी आहे.

५

तुलनेसाठी दुसऱ्या एका प्रतिमान-कुळाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. सिल्व्हरस्टाइन आणि वेस्टफाल ह्यांनी, आणि त्यानंतर मॅकॲलिस्टरसह त्या दोघांनी, २००८ साली ॲक्सिऑन क्षेत्रावर आधारलेली स्फीती मांडली. ॲक्सिऑनचा विभव मुळात आवर्ती असतो. एका फेरीनंतर तो पूर्वस्थितीला येतो. परंतु एखाद्या ब्रेनाने ही आवर्तता मोडली, तर गोल जिन्याप्रमाणे दर फेरीला क्षेत्र एक पायरी वर चढते आणि एकूण प्रवास प्लांक वस्तुमानाहून मोठा होऊ शकतो. ॲक्सिऑनची स्थानांतर-सममिती प्लांक पातळीवरील दुरुस्त्यांना आवर घालते, म्हणून ईटाच्या प्रश्नाला येथे तत्त्वतः उत्तर आहे. ह्या कुळातील रेषीय विभवाचे भाकीत आर सुमारे ०.०७ असे होते.

भाकीत स्पष्ट होते आणि त्याची परीक्षाही झाली. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ प्रयोगाने आर सुमारे ०.२ असल्याचे जाहीर केले, तेव्हा ह्या प्रतिमानांना बहर आला. २०१५ साली प्लांकच्या गटासह केलेल्या संयुक्त विश्लेषणात त्या संकेतातील मोठा भाग आकाशगंगेतील धुळीचा असल्याचे निष्पन्न झाले. २०२१ साली बायसेप आणि केक ह्यांच्या वेधांनी आर ०.०३६ हून कमी आहे, असे ९५ टक्के विश्वसनीयतेने ठरविले. रेषीय विभवाचे सरळ प्रतिमान त्यामुळे बाद झाले.

प्रतिमान बाद होणे ही त्याच्या निर्मात्यांसाठी नामुष्की नव्हे. जे बाद होऊ शकले त्याने काही निश्चित सांगितले होते, हेच त्यावरून सिद्ध होते. टीका करावयाची असेल तर ती वेगळ्या मुद्द्यावर करावी लागेल. जड क्षेत्रे स्फीतीच्या ऊर्जेला प्रतिसाद देऊन विभव आणखी सपाट करतात, हे २०१० साली डाँग, हॉर्न, सिल्व्हरस्टाइन आणि वेस्टफाल ह्यांनी दाखविले होते. ते भौतिकदृष्ट्या यथार्थही आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, ह्या कुळातून निरनिराळे घात निघू शकतात आणि वेधाची मर्यादा खाली सरकली की कमी घाताचा विभव पुढे करता येतो. एका प्रतिमानाने निश्चित भाकीत करून त्याची किंमत चुकविली. त्याच्या कुळावर मात्र तशी जबाबदारी राहिली नाही. कोणता घात कोणत्या भूमितीतून अनिवार्यपणे येतो, हे जोवर सांगितले जात नाही तोवर ह्या कुळाला वेधाचे पाठबळ आहे असे म्हणणे धाडसाचे होईल.

वेधाशी जुळण्याचे प्रशस्तिपत्र किती चंचल असते ह्याचे ताजे उदाहरण वर्णपट-निर्देशांकाचेच आहे. २०१८ साली तो ०.९६५ होता. २०२५ साली ॲटाकामा दुर्बिणीच्या वेधांना प्लांकचे वेध आणि दीर्घिकांच्या वितरणाची नवी मापने जोडली असता तो ०.९७४ च्या आसपास आला. फरक लहान आहे, आणि निरनिराळ्या मापनांतील परस्परविसंगतीचा त्यात वाटा असू शकेल. परंतु तेवढ्यानेच स्टारोबिन्स्की ह्यांच्या जातीची, आजवर सर्वांत सुसंगत मानली गेलेली प्रतिमाने अडचणीत आली आणि त्यांत फेरफार सुचविणारे निबंध लगोलग प्रसिद्ध होऊ लागले. जे प्रतिमान दर नव्या दशांश स्थळाबरोबर दुरुस्त करता येते, त्याच्या यशाचे श्रेय वेधाला द्यावे की दुरुस्ती करणाऱ्याला, हा प्रश्न टाळता येणार नाही.

६

ह्या साऱ्या उपक्रमावरच घेतले जाणारे दोन आक्षेप येथे विचारात घेतले पाहिजेत. कारण ते परस्परविरुद्ध आहेत.

पहिला आक्षेप असा की, स्ट्रिंग सिद्धांतातून काहीही निघू शकते. अभिवाहांच्या निवडीतून निर्वातांची जी संख्या अंदाजिली जाते ती १० च्या ५०० व्या घाताएवढी आहे. तेव्हा त्यांत कोठेतरी हवी ती स्फीती सापडणारच. २०१७ साली इज्जास, स्टाइनहार्ट आणि लोब ह्यांनी तर स्फीतीची संकल्पनाच कसोटीला उतरविता येत नाही, असे जाहीरपणे लिहिले. त्याला गुथ, लिंडे आदी ३३ शास्त्रज्ञांनी उत्तर दिले. उत्तराचा आशय असा होता की, स्फीती हे एक प्रतिमान नसून प्रतिमानांचा वर्ग आहे, आणि त्यांतील कित्येक प्रतिमाने वेधांनी खोटी ठरली आहेत. ह्या वादात स्टाइनहार्ट ह्यांची भूमिका लक्षणीय आहे. ते स्फीतीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत, आणि वर उल्लेखिलेल्या ‘नाजूक विश्व’ ह्या निबंधाचे सहलेखकही होत. त्यांचा आक्षेप बाहेरून आलेला नाही.

भारतातही अशी चिकित्सा झाली. पुण्याच्या आयुकातील जयंत नारळीकर आणि पद्मनाभन ह्यांनी १९९१ साली खगोलशास्त्रज्ञांसाठी स्फीतीचे जे परीक्षण लिहिले, त्यात तिच्या दाव्यांचा जमाखर्च मांडला होता. नारळीकर ह्यांनी २०२५ साली झालेल्या निधनापर्यंत प्रचलित विश्वरचनाशास्त्राची चिकित्सा सोडली नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट आहे. २०१८ साली ओबिएद, ओगुरी, स्पोद्नेइको आणि वाफा ह्यांनी अशी अटकळ मांडली की, स्ट्रिंग सिद्धांतात धन ऊर्जेचा स्थिर निर्वात संभवतच नाही आणि विभवाचा उतार एका मर्यादेखाली जाऊ शकत नाही. बेंगळुरूचे गर्ग आणि कृष्णन, तसेच ओगुरी, पाल्ती, शिऊ व वाफा ह्यांनी त्याच वर्षी ती अटकळ काहीशी सौम्य केली. २०१९ साली बेद्रोया आणि वाफा ह्यांनी मांडलेल्या दुसऱ्या एका अटकळीवरून, सामान्य गृहीतांखाली, आर १० च्या उणे ३० व्या घाताहूनही लहान असावयास हवा असा निष्कर्ष काढण्यात आला. म्हणजे एका पक्षाच्या मते हा सिद्धांत सर्व काही मान्य करतो, तर दुसऱ्याच्या मते स्फीतीसारखे जवळजवळ काहीच मान्य करीत नाही.

हे दोन्ही आक्षेप एकाच वेळी टिकू शकतात, ह्याचा अर्थ इतकाच की निर्णायक गणिते अजून पुरी झालेली नाहीत. ‘१० चा ५०० वा घात’ ही संख्या पूर्णपणे तपासलेल्या निर्वातांची नव्हे. आणि २०१८ ची अटकळ ही सिद्धता नव्हे. दोन्ही पक्ष ज्या स्थळी भांडतात ते स्थळ २००३ च्या निबंधाच्या पायाशी आहे : घनफळ खरोखर बांधले जाते काय, आणि निर्वाताची ऊर्जा खरोखर धन करता येते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर ईटाचे दोन-तृतीयांश हे मूल्य, दीड घाताची दुरुस्ती आणि संभाव्यतेचा नियम ह्या सर्वांखालील जमीनच सरकेल. मर्यादेच्या गणिताचा गौरव करताना ही जोखीम विसरता कामा नये.

ह्या संदर्भात २०२४ साली मॅकॲलिस्टर, मोरिट्झ, नॅली आणि शाख्नर ह्यांनी केलेले काम उल्लेखनीय आहे. २००३ ची रीत ज्यांत प्रत्यक्षात उतरते अशा गुंडाळलेल्या अवकाशांची स्पष्ट उदाहरणे त्यांनी पूर्णांकांसह मांडली. ही उदाहरणे दुरुस्त्यांच्या पहिल्या पायरीपुरतीच खरी आहेत. पुढील पायऱ्यांवरील कोणत्या दुरुस्त्या अद्याप अज्ञात आहेत आणि त्यांच्यामुळे उदाहरणे कोलमडू शकतील, हे लेखकांनी स्वतःच सांगितले आहे. म्हणून त्यांनी ह्या निर्वातांना ‘उमेदवार’ म्हटले. २००३ च्या ‘दिशेने’ ह्या शब्दाशी ‘उमेदवार’ ह्या शब्दाचे नाते उघड आहे. एकवीस वर्षांत प्रश्न सुटला नाही. परंतु तो कोठे अडला आहे हे पूर्वीपेक्षा पुष्कळ नेमके सांगता येऊ लागले.

७

आता निकषाचा प्रश्न पुन्हा घेता येईल. स्ट्रिंग सिद्धांतातील स्फीती-प्रतिमानाचे मोल ते वेधाशी किती जुळते ह्यावरून ठरविणे अपुरे आहे, कारण जुळविण्याची साधने विपुल आहेत. ते सुंदर आहे किंवा साधे आहे, हा निकषही फसवा आहे. कारण ईटाच्या प्रश्नात साधेपणा बहुधा न मोजलेल्या पदांमुळेच दिसतो. ते किती स्वतःला बांधून घेते, हा निकष अधिक विश्वसनीय होय. प्रतिमानाच्या कर्त्याने ज्या दुरुस्त्या गाळता आल्या असत्या त्या मोजल्या आहेत काय? त्या मोजल्यानंतर त्याची निवड करण्याची मोकळीक कमी झाली आहे काय? आणि कोणता वेध मिळाला असता आपण हे प्रतिमान सोडून देऊ, हे त्याला आधी सांगता येते काय?

हे तीन प्रश्न लावले असता गळ्यातील ब्रेनाचे प्रतिमान, नाजूक आणि असंभाव्य असूनही, वरच्या श्रेणीत बसते. रेषीय ॲक्सिऑन प्रतिमान बाद होऊनही आदरास पात्र ठरते. सिकोली, बर्जेस आणि केव्हेडो ह्यांनी २००८ साली मांडलेल्या ‘फायबर’ स्फीतीचे भाकीत आर सुमारे ०.००५ असे आहे. जपानच्या पुढाकाराने योजिलेल्या लाइटबर्ड उपग्रहाचे उद्दिष्ट आर ०.००१ च्या अचूकतेने मोजण्याचे आहे, तेव्हा ह्या प्रतिमानाचीही परीक्षा होण्याजोगी आहे. उलट, प्राचलांच्या पुरवठ्यावर जगणारी आणि दर नव्या वेधानंतर निवांतपणे सुधारून घेतली जाणारी प्रतिमाने, त्यांचे आलेख कितीही नीट जुळत असले, तरी खालच्या श्रेणीत जातात.

ह्या विषयात नव्याने प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा भेद केवळ तात्त्विक नाही. स्फीतीच्या ऊर्जेची पातळी सध्याच्या मर्यादेनुसार १० च्या १६ व्या घाताएवढ्या गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत असू शकते. आजच्या सर्वांत मोठ्या त्वरकातील टकरींहून ती सुमारे १० च्या १२ व्या घाताने अधिक आहे. तेथील प्रयोग कोणाच्याही आयुष्यात होणार नाही. ज्या क्षेत्रात निसर्गाचा नकार क्वचितच ऐकू येतो, तेथे गणिताचा नकार ऐकण्याची सवय अधिक काटेकोरपणे जोपासावी लागते. नवे प्रतिमान रचणे हे काही महिन्यांचे काम आहे. जुन्या प्रतिमानातील एक गाळलेले पद मोजण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि त्याचे फळ बहुधा प्रतिमानाच्या विरुद्धच जाते. तरीही ह्या विषयात आज जे काही खात्रीने सांगता येते, त्याचा बराचसा भाग अशाच कामातून आलेला आहे.

२००३ चा निबंध ह्या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा. त्याच्या लेखकांना आपले प्रतिमान यशस्वी झाल्याचे सांगता आले असते. दोन गृहीतांपैकी एकाचे निराकरण झालेच होते. दुसरे तसेच राहू दिले असते, तर त्या काळच्या प्रथेप्रमाणे कोणी दोष दिला नसता. त्यांनी ते उघडे केले, त्याची संख्या काढली, आणि ती आपल्याला प्रतिकूल असल्याचे लिहून ठेवले. स्ट्रिंग सिद्धांत विश्वाच्या आरंभाविषयी खरा ठरेल की नाही, ह्याचा निर्णय आज देता येत नाही. परंतु तो दिला जाईल तेव्हा अशा संख्यांच्या आधारावरच दिला जाईल.